एका डोंगराचे उतार

जगातली बहुतेक वाहनं कुठेतरी पोचायचं म्हणून तयार झाली. माउंटन बाइक त्यातली नाही. ती तयार झाली डोंगरावरून नुसतं खाली येण्यासाठी. खाली काही काम नसताना आणि घाईही नसताना. आमच्या बाबांच्या भाषेत सांगायचं तर रिकामटेकड्यांचा उद्योग! आणि गंमत अशी, की इतिहास पाहिला तर बाबांचं म्हणणं बरंचसं खरं निघतं. अमेरिकेतल्या एका डोंगरावर, काही रिकामटेकड्या पोरांनी हा उद्योग केला, त्यातून पुढे जगभरचा धंदा उभा राहिला आणि शेवटी ऑलिंपिकचा खेळसुद्धा झाला. तो डोंगर मी अलीकडेच तीन दिवस पाहिला. थोडा पायी, बराचसा सायकलवर, आणि काही ठिकाणी सायकल हातात धरून (कारण मान मोडून घ्यायची हौस नाही). परत आल्यापासून तो डोक्यातून जात नाहीये. म्हणून हा लेख.

डोंगराचं नाव माउंट टॅमलपायस. सॅन फ्रान्सिस्कोतून गोल्डन गेट पूल ओलांडला की उत्तरेला मरिन काउंटी लागते, तिथे हा उभा आहे. स्थानिक लोक लाडाने नुसतं 'टॅम' म्हणतात. उंची २,५७१ फूट, म्हणजे साधारण आपल्या माथेरानएवढा. आमचे कॉलेजातले मित्र, नवरा-बायको दोघंही, बरीच वर्षं क्युपर्टिनोत राहतात. तिथून हा डोंगर दीड-दोन तासांच्या अंतरावर. त्यांचा मुलगा शाळेच्या माउंटन बाइक टीममध्ये आहे. हो, तिकडे शाळांच्या अशा टीम असतात. उत्तर कॅलिफोर्नियात २००१ पासून शाळकरी मुलांची लीग चालते. मुलाला शर्यतींना ने-आण करता करता बापही सायकलवर चढला, आणि आता घरातल्या गॅरेजमध्ये गाडीला जागा नाही इतक्या सायकली आहेत. "अगं, तुला इतिहासाचं वेड आहे ना? मग चल, तुला सायकलवाल्यांची पंढरी दाखवतो," असं म्हणून त्याने आम्हाला सगळ्यांना तिकडे नेलं.

तर पहिल्या दिवशी आम्ही मिल व्हॅली नावाच्या गावातून 'रेलरोड ग्रेड' या वाटेने चढायला सुरुवात केली. सात-आठ फूट रुंद कच्चा रस्ता, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि चढ इतका मवाळ की माझ्यासारखीलाही गप्पा मारत चढवता यावी. डोंगर चांगला खडा असताना वाट एवढी मवाळ कशी? तर ती सायकलींसाठी बनलेलीच नाही. ती आहे आगगाडीची वाट.

१८९६ साली, अवघ्या सहा-सात महिन्यांत, मिल व्हॅलीपासून शिखराजवळपर्यंत ८ मैलांच्या वर लांबीची रेल्वे बांधली गेली. या एवढ्याशा अंतरात वळणं किती असावीत? २८१! 'जगातली सर्वांत वाकडी रेल्वे' अशीच तिची जाहिरात होती. सॅन फ्रान्सिस्कोचे लोक बोटीने खाडी ओलांडायचे, मग लोकल रेल्वेने मिल व्हॅलीला यायचे आणि तिथून या गाडीने वर. वर हॉटेल, जेवण, आणि समोर अख्खी खाडी. आपल्याकडे नेरळ-माथेरान गाडी १९०७ साली सुरू झाली. त्याच वर्षी टॅमच्या रेल्वेलाही रेडवुडच्या जंगलात उतरणारा एक फाटा जोडला गेला. ते जंगल म्हणजे आजचं म्युअर वुड्स. एका पाणी कंपनीला तिथे धरण बांधायचं होतं; जंगलाचे मालक विल्यम केंट यांनी जमीन सरळ सरकारला देऊन टाकली आणि १९०८ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलं. धरण राहिलं बाजूला, झाडं वाचली.

पण मला सर्वांत आवडली ती या रेल्वेची 'ग्रॅव्हिटी कार'. म्हणजे इंजिन नसलेला उघडा डबा. त्यात तीसेक माणसं बसवायची, पुढे एक ब्रेकवाला, आणि दिला सोडून उतारावर! इंजिन नाही, धूर नाही, शिट्टी नाही; फक्त चाकांचा आवाज आणि वारा. २८१ वळणांतून डबा आपला आपण खाली यायचा, आणि मग इंजिन त्याला पुन्हा वर ओढून न्यायचं. टोप्या धरून बसलेल्या बायका आणि कॉलर लावलेले पुरुष असलेले त्या डब्यांचे जुने फोटो आहेत. चेहऱ्यावरचा आनंद पाहिला की कळतं, हे लोक कुठेही पोचायला चाललेले नाहीत. उतार हाच त्यांचा कार्यक्रम.

थोडक्यात काय, की टॅमवरून मजेखातर घरंगळत खाली येण्याची परंपरा सायकलीपेक्षा बरीच जुनी आहे.

ही रेल्वे टिकली नाही. १९२० च्या दशकात मोटारी आल्या, वरपर्यंत मोटारीचा रस्ता झाला आणि उतारू कमी झाले. १९२९ च्या जुलैत डोंगराला भयंकर आग लागली. मिल व्हॅलीतली शंभरावर घरं जळाली. पुढच्या वर्षी, म्हणजे १९३० साली, रेल्वे बंद झाली आणि रूळ उखडून नेले. राहिली ती फक्त मवाळ चढाची मोकळी वाट, आणि वाटेतलं १९०४ सालचं 'वेस्ट पॉइंट इन' हे विश्रामगृह. आम्ही त्याच्या ओसरीवर बसून डब्यातले पराठे खाल्ले. समोर धुक्यातून सॅन फ्रान्सिस्कोच्या इमारतींचे फक्त शेंडे दिसत होते.

आगीचा धडा मात्र लोक विसरले नाहीत. पुढे मंदीच्या काळात बेकार तरुणांना काम देण्यासाठी सरकारने जी 'सीसीसी' योजना काढली, तिच्या पोरांनी १९३० च्या दशकात या डोंगरावर दगडी खुलं नाट्यगृह बांधलं, पायवाटा दुरुस्त केल्या, आणि आग विझवायला गाड्या जाव्यात म्हणून रुंद कच्चे रस्तेही केले. अशा रस्त्यांना तिकडे 'फायर रोड' म्हणतात. ते जंगलखात्याच्या आणि बंबवाल्यांच्या सोयीचे असतात. त्यामुळे रेल्वेसारखे मवाळ नसतात, सरळ धारेवरून वर आणि सरळ खाली. आणि अशाच एका उतारावर पुढची गोष्ट घडली.

ती गोष्ट सांगण्याआधी सायकलीकडे वळू. अमेरिकेत मोटारी स्वस्त झाल्यावर मोठ्या माणसांनी सायकल सोडली होती. ती राहिली पोरांची वस्तू. श्विन कंपनीने १९३३ साली पोरांसाठी जाड 'बलून' टायरची सायकल काढली. रुंदी सव्वादोन इंचांच्या आसपास, रिम २६ इंची, सांगाडा असा दणकट की पेपर टाकणाऱ्या पोराने फुटपाथवर आपटली तरी वाकू नये. १९७० च्या सुमारास असल्या सायकली भंगारात पाच डॉलरला मिळत. मरिन काउंटीतल्या पोरांनी त्या उचलल्या, मडगार्ड काढून टाकले, घंटी, कॅरियर, जे जे सुटं होतं ते सगळं काढलं आणि डोंगरावर नेल्या. या खटाऱ्यांना ते 'क्लंकर' म्हणत.

ही पोरं कोण होती? जो ब्रीझ हा रस्त्यावरच्या शर्यतींत भाग घेणारा गडी, पुढे स्वतः सांगाडे बनवू लागला. गॅरी फिशरही शर्यतीतला; केस फार लांब म्हणून १९६८ साली त्याला शर्यतींतून बाहेर काढलं होतं. चार्ली केली एका रॉक बँडचं सामान वाहायचा. वेंडी क्रॅग त्यांच्यातली एक. तिच्या कॅमेऱ्यामुळे आज त्या दिवसांचे फोटो आपल्याला पाहायला मिळतात. नोकरीधंद्याच्या हिशोबात यातलं कुणी फारसं बसत नव्हतं. एकूण आमच्या बाबांना पटेल अशी मंडळी नव्हे.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या कॅस्केड कॅन्यनच्या फायर रोडवर त्यांनी पहिली शर्यत लावली. कोण जास्त वेगात उतरतो हा रोजचा वाद एकदाचा मिटवावा म्हणून. दोन मैलांच्या आसपास लांबी आणि तेवढ्यात १,३०० फूट उतार! एकेकाला दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडायचं आणि घड्याळात वेळ मोजायची. पहिली शर्यत ॲलन बाँड्सने जिंकली. न पडता खाली आलेला तो एकटाच होता म्हणतात.

या रस्त्याचं नाव पडलं 'रीपॅक'. ते का, हे कळायला पुण्यातल्या जुन्या सायकलच्या दुकानाची आठवण पुरेशी आहे. सायकल 'ओव्हरॉइल'ला टाकली की दुकानदार हब उघडायचा, छर्रे रॉकेलमध्ये धुवायचा, नवीन ग्रीस भरायचा आणि पुन्हा बसवायचा. त्या श्विन सायकलींना ब्रेक मागच्या हबच्या आतच असे. पेडल उलटं मारलं की लागणारा. एवढ्या उतारावर तो सतत दाबून ठेवायचा म्हणजे हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा! खाली पोचलं की हब उघडून ग्रीस नव्याने भरायचं, म्हणजे 'रीपॅक' करायचं, तेव्हा कुठे सायकल पुन्हा वापरण्याजोगी. प्रत्येक उतारामागे एक ओव्हरॉइल! गॅरी फिशरने हा उतार ४ मिनिटं २२ सेकंदांत उतरला, तो विक्रम. जो ब्रीझ फक्त दोन सेकंदांनी मागे. म्हणजे ताशी ४० किलोमीटरच्या वर सरासरी, आणि तीही धूर सोडणाऱ्या ब्रेकवर.

आम्हाला दुसऱ्या दिवशी तोच उतार उतरायला वीस मिनिटं लागली. आणि आमच्या भाड्याच्या सायकलींना पुढे-मागे सस्पेन्शन आणि डिस्क ब्रेक होते. मित्राचा मुलगा खाली पोचून, केळं खाऊन, आमची वाट बघत बसला होता. रस्ता अजूनही तसाच आहे: दगड, खळगे, मध्येच पाण्याने कापलेली चर, आणि वळणावर अचानक दिसणारी दरी. एका वळणावर उभी राहून मी वर पाहिलं आणि मला त्या ग्रॅव्हिटी कारमधल्या बायका आठवल्या. ऐंशी वर्षांचं अंतर, पण तोच परिसर, तेच गुरुत्वाकर्षण, आणि चेहऱ्यावर बहुधा तोच आनंद.

आता 'माउंटन बाइकचा जनक कोण' हा वाद. जनक म्हटलं की आपल्याकडे जसे चार गावचे चार वारस उभे राहतात तसंच इथेही आहे. अमेरिकी लष्कराच्या २५ व्या पायदळ तुकडीतले वीस कृष्णवर्णीय सैनिक १८९७ साली मोंटाना ते सेंट लुईस असे सुमारे १,९०० मैल सायकलवरून गेले होते, डोंगर आणि चिखल तुडवत. त्यांना कुणी जनक म्हणत नाही. कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूट गावातली पोरं १९७६ सालीच क्लंकरवरून पर्ल पास ही १२ हजार फुटांवरची खिंड ओलांडून ॲस्पेनला गेली. आणि सर्वांत मजेदार म्हणजे 'मॉरो डर्ट क्लब'. डिसेंबर १९७४ मध्ये मिल व्हॅलीतल्या एका शर्यतीत काही अनोळखी पोरं अवतरली. त्यांच्या जाड टायरच्या खटाऱ्यांना चक्क गिअर लावलेले होते! मरिनवाले बघतच राहिले. ती पोरं आली तशी गेली आणि नंतर वीसेक वर्षं ती कोण होती याचा पत्ता कुणाला नव्हता. ती होती क्युपर्टिनोची!

हे मित्राने ऐकवलं तेव्हा त्याच्या आवाजात जो अभिमान होता, तो पाहण्यासारखा होता. क्युपर्टिनो म्हटलं की आपल्याला ॲपल कंपनी आठवते आणि भारतीय इंजिनिअरांची घरं आठवतात. पण ॲपल स्थापन व्हायच्या आधी त्या गावची पोरं स्टीव्हन्स क्रीकच्या डोंगरांत गिअरच्या सायकली घेऊन हिंडत होती. आपण राहतो त्या गावाला आपल्याआधीचा इतिहास असतो, आणि तो कळला की गाव जरा जास्त आपलं वाटू लागतं. मित्र तसं बोलला नाही. पण मला ते दिसलं.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. जो ब्रीझने १९७७-७८ मध्ये नव्या नळ्यांपासून खास या कामासाठी दहा सायकली बनवल्या. फिशर आणि केली यांनी १९७९ साली टॉम रिची या कारागिराचे सांगाडे घेऊन कंपनी काढली आणि तिचं नाव ठेवलं 'माउंटनबाइक्स'. नावावर मालकी मिळवायचा त्यांचा प्रयत्न फसला, आणि म्हणूनच आज कुठल्याही कंपनीच्या सायकलला आपण बिनदिक्कत माउंटन बाइक म्हणतो. १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली 'स्टम्पजंपर' बाजारात आणली आणि कारागिराची वस्तू कारखान्याची झाली. १९९६ च्या ॲटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला. वीस वर्षांत भंगारातून ऑलिंपिक! फेअरफॅक्समध्ये २०१५ साली सायकलींचं संग्रहालय उघडलं, त्यात या सगळ्या सायकली रांगेने उभ्या पाहिल्या. तो पहिला श्विनचा खटारा पाहून आमच्या वाड्यातल्या दूधवाल्याच्या सायकलची आठवण झाली, खोटं कशाला बोलू.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण ती इथे संपत नाही.

ज्या डोंगराने जगाला माउंटन बाइक दिली, त्याच डोंगरावरच्या बहुतेक अरुंद पायवाटांवर सायकलींना बंदी आली. टॅमचा मोठा भाग १९१२ साली स्थापन झालेल्या मरिनच्या पाणीपुरवठा मंडळाचा आहे. तिथे सायकली प्रामुख्याने फायर रोडपुरत्याच, आणि वेगमर्यादा ताशी १५ मैल. रीपॅकचा विक्रम आज कुणी मोडायला गेला तर विक्रमापेक्षा दंडाची पावती आधी मिळेल. १९८४ साली वनखात्याने देशभरातल्या 'विल्डरनेस' म्हणून राखलेल्या वनक्षेत्रांतही सायकलींना मज्जाव पक्का केला. सायकलवाले चिडले, आणि १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या काही क्लबांनी मिळून 'इम्बा' नावाची संघटना काढली. २०२४ साली पाणी मंडळाने काही मोजक्या पायवाटा प्रयोग म्हणून सायकलींना उघडायचं ठरवलं, तर निसर्गप्रेमी संस्था कोर्टात गेल्या. पन्नास वर्षं होत आली, भांडण चालूच.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा वाटलं, काय हा कद्रूपणा! पण रेलरोड ग्रेडवर एक सत्तरीच्या आजीबाई भेटल्या, हातात काठ्या, पाठीवर छोटी पिशवी. चाळीस वर्षं या डोंगरावर चालतात. त्या शांतपणे म्हणाल्या, की वळणावरून अचानक सायकल येते तेव्हा आता पाय लटपटतात, म्हणून काही वाटा त्यांनी सोडून दिल्या. राग नव्हता, नुसतं सांगितलं. आम्ही चौघंही सायकल धरून उभे, काय बोलणार? आणि त्यांच्या बाजूलाही इतिहास आहेच. या डोंगरावरची 'डिप्सी' ही पळण्याची शर्यत १९०५ पासूनची. चालणाऱ्यांनी १९१२ साली आपला क्लब काढला. त्या क्लबाने वाटा साफ केल्या, आणि डोंगराचा काही भाग राज्याचं उद्यान व्हावा म्हणून खटपट केली. ते नसते तर पुढे सायकलवाल्यांना उतरायला डोंगर शिल्लक राहिला असता का, कोण जाणे.

आणि चालणाऱ्यांच्याही आधी? हा डोंगर कोस्ट मिवोक लोकांचा. 'टॅमलपायस' हे नाव त्यांच्याच भाषेतून आलं, त्याचा अर्थ साधारण 'पश्चिमेचा डोंगर' असा सांगतात. खालून पाहिलं की डोंगराची रेघ आडव्या झोपलेल्या स्त्रीसारखी दिसते, आणि त्याबद्दल एक 'प्राचीन आदिवासी दंतकथा' पर्यटकांना सांगितली जाते. ती दंतकथा मिवोक लोकांची नाहीच; ती १९२१ सालच्या एका नाटकातून आली! ज्यांचा डोंगर त्यांची जमीन गेली, आणि त्यांच्या नावावर दुसऱ्यांनी रचलेली गोष्ट मात्र राहिली. त्यांच्या वंशजांच्या जमातीला अमेरिकन सरकारने २००० साली पुन्हा मान्यता दिली. तेव्हा 'वाट कोणाची' हे भांडण ऐकताना ही एक गोष्ट मनात ठेवलेली बरी, की भांडणारे सगळेच उशिरा आलेले आहेत.

मग वाट कोणाची? तिसऱ्या दिवशी मला याचं थोडंफार उत्तर मिळालं.

फेअरफॅक्सजवळच बॉय स्काउट संस्थेच्या मालकीची 'टॅमरँचो' नावाची जागा आहे. तिथे अरुंद पायवाटेवर सायकल चालवायची परवानगी आहे. पास काढायचा, आणि वाटांची देखभाल बरीचशी सायकलवालेच करतात. त्या दिवशी आम्ही सायकली बाजूला ठेवल्या आणि फावडी हातात घेतली. चक्क श्रमदान! एका बाजूला खुरप्यासारखं पातं आणि दुसऱ्या बाजूला दंताळं असलेलं एक अवजार मला दिलं. मित्राचा मुलगा, ज्याचं मराठी एरवी "हो मावशी, नाही मावशी" यापुढे जात नाही, तो मला शिकवायला लागला. "मावशी, वाट सपाट नाही करायची. बाहेरच्या साइडला थोडी तिरकी करायची. म्हणजे पाणी वाटेवरून चालत नाही, क्रॉस करून जातं."

त्याने मग सगळं शास्त्र सांगितलं. वाटेचा खरा शत्रू पाणी. चाकाने माती सुटी होते, बुटानेही होते, घोड्याच्या टापेने तर फारच होते. पण ती वाहून नेतं ते पाणी. वाट सरळ उतारावरून खाली नेली की पाणी तिलाच ओढा समजतं. म्हणून वाट डोंगराच्या पोटाने आडवी न्यायची, तिचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त ठेवायचा नाही, आणि ठिकठिकाणी तिला हलकीशी बुडी द्यायची म्हणजे पाणी तिथून बाहेर पडतं. हे केलं नाही तर माती ओढ्यात जाते. या भागातल्या लागुनिटास ओढ्यात कोहो सॅल्मन मासे अंडी घालायला येतात. ती जात आता धोक्यात आहे, आणि गाळाने अंडी गुदमरतात. म्हणजे पाणी मंडळाची बंदी हा निव्वळ कद्रूपणा नाही, त्यामागे मासेही आहेत. सायकलवाल्यांच्या पंढरीत सायकलवाल्याच्या पोराकडून सायकलवाल्यांच्या विरोधकांची बाजू ऐकणं, हे मला फार आवडलं.

आणि एकदम डोक्यात आलं, की १८९६ सालच्या रेल्वेवाल्यांना हे कळत होतं! रेलरोड ग्रेड सव्वाशे वर्षांनंतरही धड आहे, कारण ती डोंगराच्या पोटाने, मवाळ चढाने नेलेली आहे. रीपॅकची मात्र चाळण होते, कारण तो रस्ता सरळ खाली धावतो. आपल्या सह्याद्रीतल्या जुन्या घाटवाटा आठवून बघा: ज्या नागमोडी, त्या टिकल्या. ज्या पावसाळी पर्यटकांच्या 'शॉर्टकट'ने पाडल्या, त्यांचे ओहोळ झाले.

दिवसभरात आम्ही पंधराएक जणांनी मिळून जेमतेम दीडशे-दोनशे फूट वाट दुरुस्त केली. माझ्या तळहाताला फोड आले. काम करणाऱ्यांत सायकलवाले होतेच, पण दोन नुसते चालणारेही होते, आणि एक बाई घोडेवाल्या. दुपारी सगळे एकाच झाडाखाली बसून जेवले. वाद तिथेही निघाला, नाही असं नाही; पण हातात फावडं असलेल्या माणसाशी वाद घालताना आवाज आपोआप खाली राहतो असं दिसलं.

मला वाटतं, या डोंगराचा सगळा इतिहास एका ओळीत सांगायचा तर असा: इथे कुणीच स्वतःसाठी सुरुवातीपासून वाट बनवली नाही. रेल्वेची वाट चालणाऱ्यांना मिळाली, आग विझवणाऱ्यांची वाट केसाळ पोरांना मिळाली, पेपरवाल्या पोराची सायकल तरुणांना मिळाली. सगळं उसनं. उसन्या वस्तूवर हक्क सांगता येत नाही. ती धड परत करायची असते, एवढंच. त्या मुलाचा जन्म क्युपर्टिनोतला, आईबाप पुण्याचे. या डोंगरावर त्याचा वारसा म्हणावा असं काही नाही. पण माती सारखी करताना तो ज्या सहजतेने "आमची वाट" म्हणाला, ते ऐकून त्याच्या आईने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं परक्या देशात काढून तिला स्वतःला कशाच्याही आधी 'आमचं' लावायला जड जातं, हे ती मला आदल्याच रात्री सांगत होती.

असो. लांबलं बरंच. पुण्यात परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे टेकडीवर गेले, तर वाटेवर पावसाने पाडलेली चर दिसली. रोज तिच्यावरून उडी मारून जाते मी, आणि माझ्यासारखे शेकडो. ही वाट पहिल्यांदा कुणी पाडली असेल? गुराख्याने, वनखात्याने, की कुठल्या तालमीतल्या पोरांनी? शोधायला हवं. तोवर या रविवारी फावडं घेऊन जायचा विचार आहे. पाणी कसं काढायचं ते आता येतं मला. कुणाला यायचं असेल तर सकाळी सहाला निघू, चहा माझ्याकडून.